पायांखालच्या जांभ्याचे विज्ञान

'तांबडा ग्रह कोणता?' या प्रश्नाचे उत्तर आमच्या शाळांतील बहुतेक मुले विनाविलंब देतात. तो तांबडा का, असे विचारल्यास काहीजण तेथील मातीतल्या गंजलेल्या लोहाचाही उल्लेख करतील. परंतु डिचोलीची माती तांबडी का, असे विचारले तर वर्गात शांतता पसरण्याचाच संभव अधिक. वस्तुतः दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत मंगळाला स्थान मिळते आणि अंगणाला मिळत नाही, ही उणीव आम्हांस शोचनीय वाटते.

जांभ्याचेच पाहा. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी लक्षावधी वर्षे खडकातील चुना, पोटॅश, सिलिका धुऊन नेली. लोह व अ‍ॅल्युमिनियम मागे उरले. डिचोलीच्या लोहखनिजाचा कसही बऱ्याच अंशी अशाच क्रियेने वाढला. या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारच्या प्रवासानंतर १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात त्यातील लोहाची संयुगे सुकून घट्ट होतात आणि तो टणक बनतो. हा गुण आमच्या कारागिरांना मात्र लॅटिन नावाच्या कित्येक शतके आधी ठाऊक होता. हरवळ्याची लेणी जांभ्यातच कोरलेली आहेत.

उन्हाळ्यात सडा उजाड दिसतो. पावसाळ्यात त्यावर 'सीतेची आसवे' ही निळी-जांभळी फुले उमलतात. या नाजूक वनस्पतीला निकस मातीतून पुरेसे नत्र मिळत नाही, म्हणून ती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून ती भूक भागवते. 

परंतु या दगडाचे सर्वांत मोठे कार्य डोळ्यांना दिसत नाही. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो. खालचा चिकणमातीचा थर ते अडवतो. आणि डोंगराच्या पायथ्याशी ते झरीच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याच्या विहिरी व कुळागरे यांचे जीवन या साठ्यावर अवलंबून असते. डोंगराच्या पोटात किती पाणी असते, याचा प्रत्यय जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या तेव्हा सर्वांना आला.

मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरत आहेत; २०२४ मध्ये डिचोलीत खाणकामही पुन्हा सुरू झाले. विकास नको, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सडा म्हणजे ओसाड, निरुपयोगी जमीन, ही समजूत अज्ञानातून आलेली आहे आणि त्या अज्ञानाची किंमत पायथ्याच्या गावाला मोजावी लागते. म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे की, श्रावणात एक दिवस मुलांना जवळच्या सड्यावर न्यावे, चिरेखाण दाखवावी, झरीचा उगम शोधू द्यावा. उद्या एखादा सडा कापण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा या डोंगराचे पाणी कोणत्या विहिरीत जाते, हे विचारणारे नागरिक गावोगावी असले पाहिजेत.