बांधावरचे झाड छाटताना
— ऊस विकास अधिकारी



गळीत हंगाम आटोपला, खोडव्याला पाणी सुरू झाले, की आपल्या भागात एक काम ठरलेलेच असते. बांधावरची झाडे छाटायची. निंब, बाभूळ, सुबाभूळ, कुठे आंबा, कुठे चिंच. सावलीतल्या दोन-चार सऱ्यांत फुटवा कमी येतो, ऊस बारीक राहतो आणि बांधापलीकडचा शेजारीही कुरकुरतो. वाटेवर लोंबणाऱ्या फांद्या हंगामात भरल्या ट्रॉलीला घासतात, वर बसलेल्याच्या तोंडावर येतात. तेव्हा छाटणी करावी याबद्दल दुमत नाही. पण ती कशी करावी, यावर आपल्या पत्रिकेत एक ओळही आलेली मला आठवत नाही. बेणे, खते, हुमणी यांवर आपण पानेच्या पाने भरतो. झाडावरून माणूस पडला की ते मात्र नशिबाच्या खात्यावर जाते.

हे खाते मी स्वतः एकदा उघडून बसलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. घरच्या मळ्यातला निंब छाटायला गावातल्या तात्यांना बोलावले होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, झाडावर चढण्यात तरबेज. "दादा, दोर आणा, फांदी बांधून सोडू," असे ते दोनदा म्हणाले. मला दुपारच्या आत मीटिंग गाठायची होती. मी म्हटले, "तात्या, एवढ्याला दोर कशाला? शिडी लावा अन् उरका." शिडी टेकवली ती जी फांदी कापायची तिलाच. शेंड्याकडचा भाग तुटून खाली गेला आणि ओझे उतरल्याबरोबर राहिलेली फांदी हातभर वर उसळली. शिडीचा टेकू सुटला. तात्या दहा-बारा फुटांवरून बांधाच्या दगडांवर आले. मांडीचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, पण त्यांचा चार महिन्यांचा रोज बुडाला तो बुडालाच. आजही लंगडत चालतात. रस्त्यात भेटले की रामराम घालतात आणि त्या दिवसाचे नाव काढत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट शिडीची. शिडी बुंध्याला टेकवावी, कापायच्या फांदीला कधीच नाही. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरचे टोक बुंध्याला बांधलेले, खाली एक माणूस धरून उभा. खरे तर शिडी ही चढण्या-उतरण्यापुरतीच. शिडीवर उभे राहून दोन्ही हातांनी करवत चालवायची म्हटल्यावर आपल्याला धरायला काही उरतच नाही.

दोर कोणता, बांधायचा कुठे

मोटेच्या काळात घरोघर जाड सोल असायचा. आता बैलाचा कासरा किंवा ट्रॉली बांधायची जुनी नायलॉन दोरी पुढे येते. उन्हात वर्षभर पडलेली नायलॉन दोरी वरून धड दिसते, पण आतून गेलेली असते. पीळ उलगडून पाहावा. भुगा पडला तर ती माणसासाठी वापरू नये. माणसाचा दोर वेगळा आणि फांदीचा दोर वेगळा ठेवावा. माणसाचा दोर त्याच्या डोक्यावरच्या जाड, जिवंत बेचक्यातून घ्यावा. नुसता कमरेला दोर बांधून पडलेला माणूस जमिनीवर येत नाही हे खरे, पण झटका पोटाला आणि मणक्याला बसतो. बांधकामावरची माणसे घालतात तो खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पट्टा घ्यावा. आयएसआय खुणेचा पाहून घ्यावा. हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट वर चढणाऱ्याला हवे आणि खाली दोर धरणाऱ्यालाही हवे. वरून कोयता सुटला तर तो खालच्याच माणसावर येतो.

जड फांदीचा दोर नुसता हातात धरू नये. बुंध्याला दोन वेढे देऊन मग हळूहळू सोडावा. ओझे झाड पेलते, आपण फक्त सोडायचे. हाताला मात्र वेढा घेऊ नये.

चढण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारावी. आग्या मोहोळ आहे का, ढोली आहे का, वाळलेली फांदी वर अडकली आहे का. शेवगा, पांगारा, जांभूळ यांच्या फांद्यांवर भरवसा नको, त्या न सांगता मोडतात. चिंच सांभाळते. पावसाची सर येऊन गेली असेल तर त्या दिवशी चढूच नये.

काप कसा घ्यावा

आपण वरून घाव घालतो, फांदी अर्धी तुटते आणि बुंध्याची साल हातभर सोलून खाली येते. पुष्कळ झाडे तिथूनच कुजू लागतात. शिवाय सोलत आलेली फांदी कुठे झोका घेईल याचा नेम नसतो. यावर तीन कापांची रीत आहे. बुंध्यापासून फूटभर सोडून पहिला काप खालून घ्यावा, जाडीच्या चौथाईपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी स्वच्छ मोडून पडते. राहिलेले खुंट तिसऱ्या कापाने काढावे. फांदीच्या बुडाशी सालीची फुगीर वळी असते. काप तिच्या लगत पण बाहेर घ्यावा, वळी तासू नये. अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले की ही वळीच जखम बंद करते. कापावर डांबर फासण्याचा मोठा उपयोग होत नाही, हेही त्यातूनच पुढे आले. आपल्याकडे बुंध्याला अगदी सपाट कापलेले झाड म्हणजे नीट छाटलेले, अशी समजूत आहे. ती सोडावी.

कटर

चेन-सॉला आपल्याकडे सगळे कटर म्हणतात. आता गावोगाव भाड्याने मिळतो. काम झटपट होते, म्हणूनच भीती. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येते; डोळे मिटायला सवड मिळत नाही. त्यामुळे टोकाने कापू नये, खांद्याच्या वर उचलू नये, एका हाताने चालवू नये आणि शिडीवर तर मुळीच नेऊ नये. वर चढून काम असेल तर हातकरवत बरी. साखळीचा ब्रेक रोज तपासावा, साखळी सैल नको, पेट्रोल भरताना यंत्र थंड हवे. धोतर, उपरणे, लोंबता शर्ट चालणार नाही. डोळ्यांना चष्मा, पायात बूट आणि कानांत बोळे हवेत. तरण्या पोरांना कानाचे हसू येते, पण रोज कटर चालवणाऱ्याला काही वर्षांनी मोठ्याने बोलावे लागते, हे मी पाहिले आहे.

तारेजवळची फांदी

इथे मला कुणाचीच बढाई ऐकायची नाही. अकरा हजाराच्या तारेजवळची फांदी आपण कापायची नाही. ओले लाकूड वीज वाहून नेते, ओला बांबू नेतो, अ‍ॅल्युमिनियमची शिडी तर नेतेच. "आत्ता लोडशेडिंग आहे" हे वाक्य सर्वांत घातक. शेतीची लाइन केव्हा चालू होईल हे आपल्या हाती नाही, आणि शेजाऱ्याच्या जनरेटरची वीजही उलटी तारेत येऊ शकते. डीपीवर स्वतः फ्यूज काढून काम उरकणारे बहाद्दर आपल्यातही आहेत. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, १९१२ वर तक्रार नोंदवावी आणि लाइनमनने लाइन बंद करून अर्थिंग केल्यावरच हात लावावा. तार तुटून पडली तर जवळ जाऊ नये. चुकून जवळ असलोच तर ढांगा न टाकता पाय जमिनीला घासत, जोडून, दूर व्हावे. तारेला घासणाऱ्या फांदीची ठिणगी उभ्या उसात पडली तर काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

आता पैशाचा प्रश्न, आणि हा मला जास्त टोचतो. २०२३ पासून राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. विजेचा धक्का, उंचावरून पडणे हे अपघात तिच्यात धरले आहेत. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीला. आपल्या झाडावर चढणारा माणूस बहुतेक वेळा भूमिहीन असतो. त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून पडला तरी योजनेत नाही. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने 'केरा सुरक्षा' नावाचा विमा काढला. निंब-बाभळीवर चढणाऱ्यांसाठी तसे कुणी केल्याचे मी पाहिलेले नाही. निदान बँकेत किंवा पोस्टात त्यांचा अपघात विमा उतरला आहे का, एवढे तरी आपण विचारावे. नसेल तर पहिला हप्ता आपण भरावा. झाडाच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा तो जास्त नसतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती तोडायची असतील तर आधी परवानगी लागते. झाड आपल्याच बांधावर असले तरीही.

अपघात झालाच तर पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उठवू नये. मान हलू न देता आहे तसा ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. जखमेवर हळद, चहापूड न भरता स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे.

दोन हेल्मेटे, एक अंगपट्टा आणि शंभर फूट दोर मी गट ऑफिसला आणून ठेवला आहे. सभासदांनी वहीत सही करून न्यावा, भाडे नाही. पहिली सही तात्यांच्या थोरल्या मुलाची आहे. तोही आता झाडेच छाटतो. दोर परत करताना वाळवून आणावा.