अवतरणातील प्रश्नचिन्ह (इंग्रजी लेखन)

इंग्रजी लेखनात एखाद्याचे बोलणे जसेच्या तसे देताना ते अवतरणचिन्हांत लिहितात. अशा वाक्यात प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत द्यावे की बाहेर, हे प्रश्न कोण विचारत आहे यावरून ठरते.

स्थान

उद्धृत मजकूर हाच प्रश्न असल्यास प्रश्नचिन्ह आत येते. उदा. शी आस्क्ड, “व्हेअर इज द की?” येथे वाक्याच्या शेवटी वेगळा पूर्णविराम देत नाहीत. प्रश्न आधी आल्यास, “व्हेअर इज द की?” शी आस्क्ड. असे लिहितात. त्यात प्रश्नचिन्हानंतर स्वल्पविराम येत नाही व ‘शी’ हा शब्द लहान अक्षराने सुरू होतो.

उद्धृत मजकूर साधे विधान असून संपूर्ण वाक्य प्रश्नार्थक असल्यास चिन्ह बाहेर जाते. उदा. डिड ही से, “आय ॲम टायर्ड”? दोन्ही प्रश्न असल्यास आतील एकच चिन्ह पुरते. उदा. हू आस्क्ड, “व्हाय?”

या नियमांबाबत ब्रिटिश व अमेरिकन पद्धतींत एकमत आहे. पूर्णविराम व स्वल्पविराम यांबाबत मात्र भेद आढळतो. अमेरिकन पद्धतीत ते सहसा आतच ठेवतात, तर ब्रिटिश पद्धतीत अर्थानुसार स्थान ठरते. अमेरिकेत दुहेरी अवतरणचिन्हे रूढ आहेत. ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी वापरतात. अवतरणातील अवतरणासाठी दुसरा प्रकार योजतात.

संवादलेखन

कथात्मक लेखनात वक्ता बदलला की नवा परिच्छेद सुरू करतात. एकाच व्यक्तीचे बोलणे अनेक परिच्छेद चालल्यास प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी अवतरणचिन्ह उघडतात, परंतु ते केवळ शेवटच्या परिच्छेदाअखेर बंद करतात.

अप्रत्यक्ष कथन

शी आस्क्ड व्हेअर द की वॉज. या वाक्यात प्रश्न केवळ सांगितलेला आहे, म्हणून अवतरणचिन्हे व प्रश्नचिन्ह दोन्ही येत नाहीत. शब्दक्रम विधानाचा होतो आणि क्रियापदाचा काळही बदलतो. मराठीत ‘किल्ली कुठे आहे, असे तिने विचारले’ या रचनेत मूळ प्रश्नाचा शब्दक्रम व काळ कायम राहतो. त्यामुळे मराठी भाषक विद्यार्थ्यांकडून इंग्रजीतही प्रश्नाचाच क्रम ठेवला जाण्याचा व शेवटी प्रश्नचिन्ह दिले जाण्याचा संभव असतो.

मराठीतील विरामचिन्हे

मराठीत इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यामुळे दोन्ही भाषांतील चिन्हे बहुतांशी सारखी आहेत. मात्र देवनागरीत मोठ्या व लहान अक्षरांचा भेद नसल्याने इंग्रजीतील तो नियम स्वतंत्रपणे शिकावा लागतो.