सूर्याच्या पोटातले लोखंड

वैशाखात आमच्या बडनेऱ्याचे ऊन कसे भाजते, ते वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. हे ऊन सूर्यावरून निघाले की आठ मिनिटांत आपल्या अंगणात येते. पण ती उष्णता सूर्याच्या पोटातून वर यायला हजारो वर्षे लागतात, बरं का!

असे का होते?

सूर्याच्या मध्यभागी सुमारे दीड कोटी अंश उष्णता आहे. तिथला प्रकाश म्हणजे क्ष-किरण. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात, तेच हे किरण. मांसातून ते पार जातात, हाड त्यांना अडवते. सूर्याच्या पोटातही किरणांना अडवणारे आहेत. गाडी आली की बडनेरा स्टेशनावर गर्दीत माणूस इकडून तिकडे ढकलला जातो ना? किरणांचेही तसेच होते.

या अडवणाऱ्यांत एक मोठा गडी म्हणजे लोखंड. सूर्यात ते थोडेच आहे. पण मध्यापासून सुमारे ७० टक्के वाट चालून आल्यावर जी अडवणूक होते, तिचा चौथा हिस्सा एकट्या लोखंडाचा. तिथे ते तापून वायूसारखे झालेले असते. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात.

लोखंड किती किरण अडवते, याचा हिशेब शास्त्रज्ञ कागदावर मांडत. पण सूर्याच्या थरथरीवरून त्याच्या आतली जी स्थिती कळली, तिच्याशी हा हिशेब जुळेना. तेव्हा अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत जेम्स बेली आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रत्यक्ष मोजायचे ठरवले. त्यांनी केसाहूनही कितीतरी पातळ असा लोखंडाचा पापुद्रा घेतला. ‘झेड’ नावाच्या यंत्रात विजेचा प्रचंड लोंढा सोडला. क्षणात पापुद्रा सुमारे वीस लाख अंशांपर्यंत तापला. त्यातून क्ष-किरण गेले. लोखंड असताना किती किरण पार झाले आणि नसताना किती, हे ताडून पाहिले.

२०१५ साली त्यांनी निकाल सांगितला. कागदापेक्षा लोखंडाची अडवणूक ३० ते ४०० टक्क्यांनी जास्त निघाली! कोणत्या जातीचा क्ष-किरण आहे, त्याप्रमाणे हा फरक कमीजास्त होता.

आपल्याला याचे काय? सूर्यावरून शास्त्रज्ञ इतर ताऱ्यांचे वय काढतात. वजनच खोटे असले, तर बाजारात आलेला सगळा कापूस चुकीचा तोलला जातो. तसेच हे आहे. मग चूक हिशेबात की मापात? ते पाहण्यासाठी कॅलिफोर्नियात लेसरच्या मोठ्या यंत्रावर तेच माप पुन्हा घेण्याचे काम हाती घेतले गेले.

मोठमोठे विद्वानही आपला हिशेब असा काट्यावर घालून पाहतात. मग आपण तोलाची पावती वाचून पाहायला का लाजावे?