वरण-भाताच्या ताटातील दोन साखळ्या

‘आता या वयात भूक ती किती लागणार?’ असे म्हणून रात्री वाटीभर पेजेवर किंवा चहा-बिस्किटांवर भागवणारी वडीलधारी माणसे घरोघरी आढळतात. पोट भरते, परंतु शरीराची गरज भागते का, हे तपासून पाहायला हवे.

भात, भाकरी, पोळी यांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कणांची साखळी. पचनात तिचे दुवे सुटतात व शरीराला ऊर्जा मिळते. धान्याच्या कोंड्यातील चोथ्याचा काही भागही ग्लुकोजचाच बनलेला असतो. मात्र त्यातील दुवे वेगळ्या रीतीने जोडलेले असल्याने आपले पाचकरस ते तोडू शकत नाहीत. हा न पचणारा भाग शौचास साफ होण्यास मदत करतो आणि साखर रक्तात सावकाश उतरू देतो. म्हणून मैद्याच्या बिस्किटापेक्षा ज्वारीची भाकरी हितकर.

प्रथिने हीसुद्धा साखळीच. पण तिचे मणी वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे. ही साखळी विशिष्ट घड्या घालून आकार घेते व त्या आकारानुसार तिचे काम ठरते. स्नायूंचे आकुंचन, रक्तातून प्राणवायूची ने-आण, जंतूंचा प्रतिकार, जखम भरणे, ही सारी प्रथिनांचीच कामे. वीसपैकी नऊ आम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरण-भातात एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

चरबीप्रमाणे प्रथिनांचा वेगळा साठा शरीरात नसतो. आहारात ती अपुरी पडली की स्नायू झिजतात. खुर्चीतून उठणे जड जाते, तोल जातो, पडण्याची भीती वाढते. एकूण अन्नच कमी पडले, तर खाल्लेली प्रथिनेही ऊर्जेसाठी खर्च होतात. म्हणून दोन्ही साखळ्या ताटात हव्यात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. उतारवयात १ ग्रॅम किंवा थोडे अधिक असावे, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७, एका अंड्यात ६ आणि पेलाभर दुधातही साधारण तितकीच प्रथिने असतात.

वाढताना वरणाचे वरचे पाणी नव्हे, तळाची डाळ वाढावी. दात नसल्यास मऊ पिठले, मुगाचे धिरडे, दही-भात द्यावा. प्रथिने एकाच जेवणात न देता तिन्ही वेळांत विभागावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

आज रात्री आपल्या घरातील ज्येष्ठांच्या ताटाकडे एकदा निरखून पाहा. पेज असेल तर असू द्या. तिच्यात मूठभर मुगाची डाळ मात्र अवश्य शिजवा.