स्पीड वाढवला, तरी नेट तेवढंच

घरातलं नेट अडायला लागलं की उपाय ठरलेला असतो: वरचा प्लॅन घ्या. पन्नासचा होता, शंभरचा घ्या. शंभरचा होता, तीनशेचा घ्या. कस्टमर केअरलाही हाच सल्ला सोयीचा पडतो. चार दिवस बरं वाटतं. मग पुन्हा मुलीच्या ऑनलाइन तासाला सर पडद्यावर थिजतात, आजोबांचं कीर्तन गोल गोल फिरत बसतं आणि आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडतं, "अरे, ते वायफाय बंद करून चालू कर!"

घरगुती ग्राहकाला हवं असतं ते असं: कॉल मध्येच तुटू नये, मागच्या खोलीतही नेट मिळावं, बिघाड झाला तर माणूस त्याच दिवशी यावा आणि बिल सांगितलं तेवढंच यावं. यातलं जवळजवळ काहीच प्लॅनच्या आकड्यात नसतं. पण आकडा होर्डिंगवर छापता येतो, म्हणून विकला तोच जातो. त्या आकड्याभोवती आणि एकूणच घरच्या ब्रॉडबँडभोवती जे समज साचले आहेत, ते एकेक करून पाहू.

"शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर एमबी"

नाही. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरतात. एक जीबीचा सिनेमा सगळं सुरळीत असेल तर ८० सेकंदांत येईल, दहा सेकंदांत नव्हे. यात कंपनीने फसवलं असं काही नाही. मात्र हा फरक कोणी आपणहून सांगतही नाही. आणि सरकारी व्याख्या पाहिली तर आणखी गंमत आहे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस मिळाले तरी ते 'ब्रॉडबँड' होतं. ही किमान मर्यादा २ एमबीपीएसवर यायला जानेवारी २०२३ उजाडलं.

"एमबीपीएस जितके जास्त, तितकं नेट चांगलं"

एका मर्यादेपर्यंत खरं आहे, आणि ती मर्यादा वाटते त्यापेक्षा बरीच खाली आहे. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे मानतं, फोर-के चित्रासाठी १५. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार लागतात. एका टीव्हीवर फोर-के चालू आहे, दोघं जण कॉलवर आहेत, चौथा यूट्यूब बघतोय, असं भरलेलं घर धरलं तरी बेरीज तीस-पस्तीसच्या पुढे जात नाही. तीनशेचा खरा उपयोग मोठमोठे गेम उतरवणाऱ्याला किंवा रोज जड फाइली हाताळणाऱ्याला. बाकीच्यांच्या घरी ती वाट दिवसभर मोकळीच पडून असते.

त्यापेक्षा अपलोडचा आकडा विचारा. जाहिरातीत दिसतो तो बहुधा डाउनलोडचा. काही प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, काहींत अपलोड फारच तोकडा. घरून काम करणारा, क्लाउडवर चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही, लग्नाचे फोटो रात्रभर वर चढवत राहणारा फोन, हे सगळे अपलोड खातात. तो तुंबला की डाउनलोडही अडतो, कारण खाली येणाऱ्या डेटाची पोच वरच्या वाटेनेच परत जात असते. "फोटोंचा बॅकअप सुरू झाला की मीटिंग अडकते" ही तक्रार यामुळेच येते, आणि तीनशेचा प्लॅन घेऊनही अपलोड तेवढाच राहिला तर ती तशीच राहते.

दुसरी गोष्ट लेटन्सीची, म्हणजे इथून निघालेला निरोप उत्तर घेऊन परत यायला लागणारा वेळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन यायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, तुमचा प्लॅन चारशेचा असो की चार हजारांचा. बोस्टनच्या ऑफिसशी जोडलेला पुण्यातला माणूस "स्पीड टेस्टमध्ये तर हिरवं दाखवतंय" म्हणून चक्रावतो, त्याचं कारण हेच. स्पीड टेस्ट सहसा जवळात जवळचा सर्व्हर निवडते, पुष्कळदा तो तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स यांनीही लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती कंपन्यांच्या जाळ्यांतच ठेवलेल्या असतात. म्हणून तिथे नेट पळतं, आणि परदेशातल्या एखाद्या साध्या पानावर रेंगाळतं. टेस्ट करायचीच तर सर्व्हर बदलून करा, सिंगापूरचा घ्या, लंडनचा घ्या, आणि रात्री नऊ-दहाला करा. दुपारी तीनचा आकडा कोणाचाही छान येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, सेवा-गुणवत्तेच्या नियमांत वेगाबरोबर लेटन्सीही मोजली जाते, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

"फायबर आलं, आता घरभर स्पीड मिळणार"

घरातल्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ माझ्या मते इथे आहे. फायबर येतं ते भिंतीवरच्या डब्यापर्यंत. तिथून पुढे फोनपर्यंतचा प्रवास रेडिओ लहरींचा, आणि त्या लहरींना तुमच्या प्लॅनशी देणंघेणं नसतं.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून बऱ्यापैकी जाते, पण ती अरुंद आहे. तिच्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. डोंबिवलीच्या एखाद्या इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडा. पंधरा-वीस नावं सहज दिसतात. ती सगळी घरं त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेली असतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आणि मोकळी, पण एक-दोन भिंतींत दमते. कोकणातल्या जाड चिऱ्याच्या भिंतीत किंवा आरसीसीच्या खांबाआड ती लवकरच मान टाकते.

त्यात आपण राउटर ठेवतो कुठे? जिथून वायर आत आली तिथे. म्हणजे दाराशेजारी, टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये गणपतीच्या बाजूला, नाहीतर लोखंडी कपाटावर. धातू, आरसा आणि पाण्याची टाकी या तिघांशी वायफायचं पटत नाही. जोडणीसाठी आलेल्या मुलाला दिवसभरात आणखी बरीच घरं करायची असतात, त्याला वायर कमी लागेल तीच जागा सोयीची वाटते. थोडी वायर जास्त लागली तरी चालेल, राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि खांद्याइतक्या उंचीवर बसवून द्या, असं त्याच वेळी सांगायचं असतं. नंतर सांगितलं तर तो येत नाही.

खरा दोष कुठे आहे ते तपासायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. तिथे पूर्ण मिळत असेल आणि बेडरूममध्ये मिळत नसेल, तर प्लॅन वाढवून दमडीचाही फायदा नाही. पैसे दुसऱ्या खोलीपर्यंत वायर नेऊन तिथे दुसरा राउटर लावण्यात घाला. वायरनेही नेमके नव्वद-पंच्याण्णवच येत असतील आणि प्लॅन दोनशेचा असेल, तर राउटर पाहा. जुन्या, स्वस्त राउटरचे पोर्टच शंभरचे असतात. पोर्ट ठीक असतील तर वायर पाहा. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, आणि त्यांतल्या चारच जोडल्या असतील तर शंभरच्या पुढे काही जात नाही. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला वायफाय द्यायचं कारणच नाही, वायर द्यावी. तेवढीच हवेतली गर्दी कमी.

"नावात फायबर आहे, म्हणजे फायबरच असणार"

गल्लीतला केबलवाला "फायबर आहे साहेब" म्हणतो तेव्हा फायबर कुठपर्यंत आहे ते विचारावं. अनेक जुन्या सोसायट्यांत ते गच्चीवरच्या पेटीपर्यंत येतं आणि तिथल्या स्विचमधून साधी लॅन वायर खिडकीतून घरात शिरते. ही व्यवस्था वाईट असतेच असं नाही. पण पावसाळ्यात त्या पेटीत पाणी गेलं की अख्खी विंग बंद पडते, आणि गच्चीची वीज गेली की तुमच्या घरातला इन्व्हर्टर काही कामाचा नाही.

एअरफायबर हा तर निराळाच प्रकार. नावात फायबर असलं तरी घरापर्यंत येते ती मोबाइलचीच फाइव्ह-जी लहर. बाहेर एक अँटेना बसते आणि आत राउटर. एअरटेलने ही सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई-दिल्लीत आणि जिओने सप्टेंबरमध्ये आठ शहरांत सुरू केली. जिथे खांबावरून फायबर येतच नाही, तिथे ती मोठी सोय आहे. पण टॉवरवर संध्याकाळी गर्दी झाली की तिचा वेग उतरतो, आणि मासिक डेटाची मर्यादाही खऱ्या फायबरपेक्षा कमी असते.

खरं फायबरही एकट्याचं नसतं. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात एका तंतूवरचे सुमारे अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, या भरवशावर हे चालतं, आणि बहुतेक वेळा ते नीट चालतं. मात्र डब्यावर लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाहीये असं समजा. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. तंतू कुठेतरी तुटलाय, किंवा दाराच्या फटीत चेमटलाय. आलेला माणूस मीटर लावून "पॉवर डाऊन आहे" म्हणाला तर आकडा विचारा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला की नेट येतं-जातं, येतं-जातं. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा, पुढच्या तक्रारीला उपयोगी पडतो.

"लाइट गेली तरी वायरवाल्या नेटला काय होतंय?"

ही जुन्या लँडलाइनची आठवण. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटरीची वीज घरातल्या फोनपर्यंत यायची, म्हणून अंधारातही डायल टोन मिळायचा. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. घरातल्या डब्याला आणि राउटरला वीज तुम्हीच द्यायची. बारा व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस बसवला की दोन-तीन तासांचं भारनियमन निभावतं. गावाकडे वरच्या प्लॅनपेक्षा हा खर्च जास्त कामाचा आहे.

"अनलिमिटेड, तेही चारशे नव्याण्णवात!"

आधी चारशे नव्याण्णवाचं बघू. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बिल ५८८ रुपये ८२ पैसे होतं. त्यावर जोडणीचा खर्च, राउटरची अनामत, आणि "सहा महिन्यांचे एकदम भरा, इन्स्टॉलेशन फ्री" ही अट. या फुकटाची किंमत अशी की दुसऱ्याच महिन्यात सेवा बिघडली तर तुम्ही अडकलेले असता. स्वस्त काय हे ठरवताना वर्षभराचा एकूण खर्च भागिले बारा करावा, आणि पहिले एक-दोन महिने मासिकच भरावेत, थोडे जास्त गेले तरी.

'अनलिमिटेड'लाही कुंपण असतं. फेअर यूसेज पॉलिसी या नावाखाली बड्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनला महिना ३,३०० जीबीची मर्यादा असते. साध्या कुटुंबाला ती संपवणं कठीणच. छोट्या कंपन्यांच्या स्वस्त प्लॅनमध्ये मात्र हा आकडा बराच खाली असू शकतो, तो बारीक अक्षरांत शोधावा लागतो. मर्यादा संपल्यावर वेग किती उरेल हेही विचारा. पूर्वी तो ६४ केबीपीएसपर्यंत खाली आणला जायचा. तो ५१२ च्या खाली जाऊ देऊ नका, असं ट्रायने २०१६ मध्ये कंपन्यांना बजावलं.

"दाद मागायची तर ट्रायकडे"

ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पहिली तक्रार कंपनीकडेच करायची आणि डॉकेट क्रमांक घ्यायचा. तोंडी "बघतो साहेब"ला किंमत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, त्याला फी लागत नाही. त्याच्याही पुढे ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात तो मुद्दा निकाली काढला: ग्राहक आयोगाला अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार आहे.

"आवडलं नाही तर कंपनी बदलू, त्यात काय"

देशात २०२४ च्या अखेरीस ब्रॉडबँडचे ग्राहक ९४ कोटींच्या घरात होते, पण तारेने जोडलेले त्यात जेमतेम ४ कोटींवर. बाकीचे जवळजवळ सगळे मोबाइलवर. मोबाइलवाल्याला नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. घरच्या लाइनला ती सोय नाही. नवी जोडणी, नवी वायर, नवी अनामत. आणि पुष्कळ नव्या संकुलांत बिल्डरने एकाच कंपनीशी करार केलेला असतो, दुसऱ्या कंपनीची वायर गेटच्या आत येऊच दिली जात नाही. अशा ठिकाणी दर आणि दुरुस्ती दोन्ही त्या एका कंपनीच्या मर्जीवर राहतात. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देणारे नियम आणले आहेत, पण घेणारा विचारेल तेव्हाच बिल्डर त्याकडे बघेल. फ्लॅट बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि पाण्याबरोबर हेही विचारा, की वायरीसाठी डक्ट आहे का आणि त्यात किती कंपन्या आहेत. राहायला गेला असाल तर सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत दुसऱ्या कंपनीला परवानगीचा विषय लेखी द्या, ऐनवेळच्या विषयांत नको. तिथे तो चहा येईपर्यंत मागे पडतो.