मालिकेचा शेवट आपल्याला आधीच का कळतो? आणि कळूनही आपण ती का बघतो?

"बघ, आता हिची स्मृती जाणार."
"छे, तो मेलेलाच नाहीये. बॉडी कुठे दाखवली?"

मराठी घरात संध्याकाळी सात ते दहाच्या मध्ये ही वाक्यं कानावर पडली नाहीत असं होत नाही. पोळ्या लाटता लाटता, अभ्यास करता करता, "मी नाही बघत बुवा मालिका" असं म्हणणारे बाबा पेपरच्या आडून, सगळे अंदाज बांधत असतात. आणि गंमत म्हणजे दहातले सहा-सात अंदाज बरोबर येतात.

मीही या खेळातला जुना खेळाडू आहे. इतकी वर्षं मालिका बघून एक गोष्ट लक्षात आली. शेवट ओळखणं हा नशिबाचा भाग कमी आणि मालिका कशी चालते हे ओळखण्याचा भाग जास्त असतो.

तर विषय समजून घेऊ.

अख्ख्या जगाने लावलेला अंदाज

२१ मार्च १९८०. अमेरिकेत 'डॅलस' नावाच्या मालिकेचा सीझन संपला. शेवटच्या दृश्यात जे. आर. युइंग या खलनायकाला कुणीतरी गोळ्या घातल्या. कुणी, ते दाखवलं नाही.

त्यात अमेरिकेतल्या कलाकारांचा संप झाला आणि उत्तर आणखी लांबलं. तब्बल आठ महिने लोक एकच प्रश्न विचारत होते, जे. आर.वर गोळी कुणी झाडली? ब्रिटनमध्ये तर बुकींनी यावर पैजा घेतल्या. गुपित फुटू नये म्हणून निर्मात्यांनी वेगवेगळ्या लोकांना गोळी झाडताना शूट करून ठेवलं होतं.

२१ नोव्हेंबरला उत्तर मिळालं. गोळी झाडणारी होती त्याचीच मेहुणी, क्रिस्टिन. तो भाग एकट्या अमेरिकेत ८ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

म्हणजे शेवट लपवला की लोक खेचले जातात, हे टीव्हीवाल्यांना तेव्हापासून पक्कं माहीत आहे.

पण आपल्या डेली सोपची गोष्ट वेगळी आहे

रहस्यकथेत शेवट ठरलेला असतो आणि लपवलेला असतो. रोजच्या मालिकेत बऱ्याचदा तो ठरलेलाच नसतो. जे लेखकालाच माहीत नाही, ते आपण ओळखणार कसं?

ते ओळखता येतं, कारण मालिकेला कथेइतकीच गणितंही चालवतात.

पहिलं गणित टीआरपीचं. बार्क ही संस्था देशभरातल्या ५० हजारांहून जास्त घरांत मीटर लावून कोण काय बघतंय हे मोजते. दर गुरुवारी आकडे येतात. एखादं खलनायिकेचं कारस्थान चाललं, तर ते आणखी काही आठवडे लांबतं. नाही चाललं, तर ट्रॅक झटपट गुंडाळला जातो. भाग टेलिकास्टच्या थोडेच दिवस आधी शूट होत असल्यामुळे असा बदल करणं शक्यही असतं.

म्हणून 'लोकांना काय आवडतंय' हे ज्याला कळतं, त्याला पुढची गोष्ट कळते. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहीर विराणीचा मृत्यू दाखवला, तेव्हा प्रेक्षक इतके नाराज झाले की त्याला परत आणावं लागलं. तिथे शेवट प्रेक्षकांनी ओळखला नाही, सरळ बदलूनच घेतला!

दुसरं गणित कलाकारांचं. लाडकं पात्र अचानक परगावी गेलं, कोमात गेलं किंवा त्याचे फक्त फोन येऊ लागले, की समजावं, कलाकाराच्या तारखांचा घोळ आहे. आणि एखादा नावाजलेला कलाकार किरकोळ भूमिकेत आला, तर ती भूमिका किरकोळ राहणार नाही हे नक्की.

तिसरं गणित प्रोमोचं. प्रोमोत जे ठासून दाखवतात, ते बऱ्याचदा स्वप्न निघतं. लग्नाचा महाएपिसोड जाहीर झाला तर लग्न मोडण्याची भीती जास्त. गळ्यात हार पडेपर्यंत काही खरं नसतं.

पेपर फुटलेला असतो तेव्हा

कधीकधी उत्तरपत्रिकाच हातात असते. स्टार प्रवाहवरची 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९मध्ये सुरू झाली. ती मूळची 'श्रीमयी' या बंगाली मालिकेवर बेतलेली. त्याच कथेवरून २०२०मध्ये हिंदीत 'अनुपमा' आली.

त्यामुळे ज्यांना पुढचं जाणून घ्यायचं होतं, ते बंगाली मालिकेची कथा शोधून वाचायचे. 'अनुपमा' बघणारी मावशी 'अरुंधती' बघणाऱ्या आईला सांगायची, "थांब, पुढे काय होतं ते मी सांगते."

पण इथेच खरी मजा आली. 'श्रीमयी' २०२१मध्ये संपली. मराठी मालिका नोव्हेंबर २०२४पर्यंत चालली. म्हणजे मूळ पुस्तक संपल्यावरही आपल्याकडे पानं वाढतच होती! अरुंधतीने आशुतोषशी लग्न केलं, पुढे आशुतोष गेला, आणि गोष्ट चालूच राहिली.

शेवट माहीत होता, तरी बघितलं

आता सगळ्यात भारी उदाहरण. झी मराठीवर २०१६मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली. कोकणातला नाईकांचा वाडा आणि सुरुवातीलाच अण्णांचा मृत्यू. २०१९मध्ये दुसरा भाग आला, तो आधीच्या काळातला. त्यात अण्णा जिवंत, सोबत शेवंता.

अण्णा मरणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही अण्णा-शेवंता घराघरात पोहोचले, मीम्स निघाले, आणि दुसरा भाग दीड वर्ष चालला.

कारण प्रश्न बदलला होता. 'काय होणार' याऐवजी 'कसं झालं' हे बघायला लोक बसत होते.

याबद्दल एक प्रसिद्ध प्रयोगही आहे. २०११मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना १२ लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. बहुतेक कथांच्या बाबतीत शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडली. नंतरच्या काही अभ्यासांत उलटं चित्रही दिसलं, त्यामुळे हा काही नियम नव्हे. पण शेवट कळला म्हणजे सगळी मजा गेली, असंही नाही.

कीर्तनाला बसणाऱ्या आपल्या आजी-पणजींना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. रावण मरतो हे त्यांना पाठ होतं. तरी त्या दरवेळी डोळे पुसायच्या.

मग आपण नेमका कसला अंदाज लावतो?

मला वाटतं, खरी गोष्ट इथे आहे.

'माझ्या नवऱ्याची बायको' आठवा. साडेचार वर्षं चाललेली मालिका. राधिकाच्या ३०० कोटींच्या कंपनीवर आपण भरपूर हसलो. पण घराघरात चाललेला प्रश्न हसण्यावारी नव्हता: ती गुरुनाथला माफ करणार की नाही?

या प्रश्नाची उत्तरं नीट ऐका. एक काकू म्हणतात, "करेल माफ, मुलासाठी करावंच लागतं." दुसऱ्या म्हणतात, "मुळीच करू नये, एकदा केलं की सवय लागते." सुनेचं मत वेगळं, सासूचं वेगळं.

हे राधिकाबद्दल बोलणं वाटतं, पण त्यात स्वतःच्या आयुष्याचा हिशोब असतो. जे 'माझं असं झालं' म्हणून चारचौघांत सांगता येत नाही, ते 'तिने असं करायला हवं' म्हणून बिनधास्त सांगता येतं. अरुंधतीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसरं लग्न करावं का, यावर लोकलच्या डब्यात वाद घालणाऱ्या बायका एका मालिकेच्या निमित्ताने बाईला दुसरी संधी असते का, हेच ठरवत होत्या.

म्हणून "काय फालतू मालिका बघता" असं म्हणून चॅनल बदलण्याआधी जरा थांबा. घरातली बाई काय होईल म्हणते, यापेक्षा काय व्हावं म्हणते, तिकडे कान द्या. एरवी वर्षभरात न कळलेली गोष्ट तेवढ्यात कळून जाते.

एक मर्यादा मात्र पाळावी

अंदाज चुकला किंवा शेवट पटला नाही, की काही जण थेट कलाकारांच्या अकाउंटवर जाऊन शिव्या घालतात. खलनायिका साकारणाऱ्या अभिनेत्रींना हे सर्रास सोसावं लागतं. तिने कारस्थान लिहिलेलं नसतं. तिच्या हातात त्या दिवशीचे सीन आलेले असतात, एवढंच. रागावायचं तर पात्रावर रागवावं.

बाकी, खेळ चालू द्या. पुढच्या वेळी अंदाज बांधताना तीन गोष्टी तपासा: टीआरपी कुणाच्या बाजूने आहे, कुणाच्या तारखा संपत आल्यात, आणि मूळ मालिका कुठल्या भाषेतली आहे. यावर उत्तर बरोबर यायची शक्यता बरीच वाढते.

आणि बॉडी दाखवली नसेल, तर तो जिवंत आहे. यावर पैज लावायला हरकत नाही!

तुम्ही अचूक ओळखलेला किंवा साफ चुकलेला मालिकेचा शेवट कोणता? कमेंटमध्ये नक्की सांगा.