संगणक-जाळ्याच्या संरक्षणाची मूलतत्त्वे : एक विवेचन

प्रस्तावना :
२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा विध्वंसक संगणक-विषाणू युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि न्हावा-शेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. प्रस्तुत लेखात या घटनेच्या आधारे संरक्षणाची तीन मूलतत्त्वे विशद केली आहेत.

विवेचन :
१) वेळेवर दुरुस्ती : विषाणूने वापरलेल्या विंडोजमधील दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध केली होती.
२) विभाजन : हा विषाणू संगणकाच्या स्मृतीतील पासवर्ड मिळवून दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. म्हणून जाळ्याचे विभाग पाडणे व प्रशासकीय अधिकार मोजक्यांकडेच ठेवणे अगत्याचे ठरते.
३) विलग प्रत : मर्स्क कंपनीचा घानातील एक डोमेन कंट्रोलर वाचला, कारण वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटला होता. त्यावरूनच पुढे जाळे पुन्हा उभे राहिले.

निष्कर्ष :
तेथे योगायोगाने जे साधले, ते आपण नियोजनाने साधले पाहिजे. प्रयोगशाळा व परीक्षा विभाग एकाच जाळ्यावर असतील, तर पेन ड्राइव्हमधून आलेला विषाणू गुणपत्रकांपर्यंत पोहोचू शकतो. त्यांची एक प्रत जोडणीबाहेर ठेवणे, ही प्रत्येक महाविद्यालयाची जबाबदारी आहे.